मुलगा ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’मध्ये निवडून आला, आता पुढे काय?

न्यू जर्सीतल्या एका मराठी पालकांचा प्रश्न आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या स्काउट ट्रूपमध्ये (पथकात) मतदान झालं आणि तो ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ या स्काउटांमधल्या मानाच्या संघटनेसाठी निवडला गेला. आता एका वीकेंडला कॅम्पवर बोलावलंय. तिथे बोलायचं नाही, पोटभर जेवायला मिळत नाही, रात्री एकट्यानं उघड्यावर झोपायचं, असं त्यांच्या कानावर आलंय. ही गुप्त संघटना आहे का, तिचा इतिहास काय, तिचा स्थानिक चॅप्टर, म्हणजे शाखा, वर्षभर करतो तरी काय, आणि ‘ऑनर सोसायटी’ म्हणतात तर कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्या लोकांच्या मनात खरा तोच असतो. शाळेतली नॅशनल ऑनर सोसायटी वेगळी. ती 1921 साली मुख्याध्यापकांच्या संघटनेनं काढली, तिथे मार्क बघतात आणि शिक्षक निवड करतात. ऑर्डर ऑफ द ॲरोत मुलाचे मार्क कुणी विचारत नाही. अर्जात एक ओळ लिहिता येईल, पण ‘ईगल स्काउट’ या स्काउटिंगमधल्या सर्वोच्च हुद्द्याला जेवढं वजन आहे तेवढं हिला नाही. मुलगा पुढे चॅप्टरचा किंवा त्याच्या वरच्या लॉजचा पदाधिकारी झाला आणि त्यानं खरंच काही चालवून दाखवलं, तर त्याला लिहायला भरपूर मिळेल. नुसता सभासदाचा पट्टा खांद्यावरून घालून फोटो काढला, तर काही नाही. मी इथल्या एका चॅप्टरचा ॲडव्हायझर म्हणून बरीच वर्षं काम करतोय आणि हे वाक्य दरवर्षी कुणा ना कुणा पालकाला ऐकवावं लागतं.

आता इतिहास. तो तुमच्या घरापासून फार लांबचा नाही.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यामधून डेलावेअर नदी वाहते. तिच्या पात्रात ट्रेझर आयलंड नावाचं बेट आहे. फिलाडेल्फियाच्या स्काउट कौन्सिलनं तिथे 1913 साली उन्हाळी कॅम्प सुरू केला. 1915 च्या उन्हाळ्यात त्या कॅम्पची जबाबदारी ई. अर्नर गुडमन या तरुणाकडे आली आणि मदतीला कॅरल एडसन. दोघेही पंचविशीच्या आतले. अमेरिकेत बॉय स्काउट्स सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. उन्हाळी कॅम्पमध्ये नेमकं काय घडायला हवं, याची पक्की चौकट तेव्हा कुणाकडेच नव्हती.

कॅम्प चालवणाऱ्या कुणालाही पडतो तोच प्रश्न या दोघांना पडला होता. जो पोरगा पोहण्यात, गाठी मारण्यात, नेमबाजीत पुढे आहे त्याला बक्षीस द्यायला बिल्ले आहेत. पण एखादा मुलगा पावसात भिजलेल्या दुसऱ्याला आपली कोरडी चादर देतो, भांडी घासायची पाळी नसताना घासतो आणि वर तोंड पाडून बसत नाही. त्याची दखल कशी घ्यायची? त्यांनी काढलेली तोड अशी: दर मुक्कामाच्या शेवटी ट्रूपमधल्या मुलांनीच आपल्यातली अशी मुलं निवडायची. पहिला समारंभ 16 जुलै 1915 ला, शुक्रवारी रात्री त्या बेटावर झाला. जॉर्ज चॅपमन हा पहिला प्रमुख झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सभा झाली तेव्हा पंचवीस सभासद होते. हा गट म्हणजेच ‘युनामी लॉज’, क्रमांक 1. तो आजही फिलाडेल्फिया भागात चालू आहे.

या सगळ्यात माझ्या मते खरी नवी गोष्ट एकच होती, आणि तीच अजून टिकून आहे: सभासद कुणाला करायचं हे सभासद ठरवत नाहीत. जगात जितके मानाचे क्लब, मंडळं, बिरादऱ्या असतात, तिथे आतले लोक बाहेरच्याला आत घेतात. इथे तुमच्या मुलाला मत देणारी बहुतेक मुलं स्वतः सभासद नव्हती. ज्यांच्याबरोबर त्यानं तंबू ठोकला, ज्यांच्या वाट्याचं पाणी भरून आणलं, त्यांनी मत दिलं. आमच्या चॅप्टरचे लोक फक्त मतपत्रिका वाटायला आणि मोजायला जातात.

त्या काळी अशा कॅम्प सोसायट्या बऱ्याच निघाल्या. इंडियानात 1920 साली ‘फायरक्राफ्टर’ सुरू झाली. मिझुरीत एच. रो बार्टल यांनी ‘मिक-ओ-से’ काढली, ती तिथे आजही जोरात आहे. (हेच बार्टल पुढे कॅन्सस सिटीचे महापौर झाले. त्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत, आणि तिथल्या फुटबॉल संघाचं ‘चीफ्स’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. तुमच्या मुलाला हे सांगा, बाकीचं उत्तर तो वाचणार नाही कदाचित, पण हे लक्षात ठेवेल.) यातली बहुतेक मंडळं आपापल्या गावापुरती राहिली. युनामीचं लोण मात्र पसरलं. दुसरा लॉज ट्रेंटनला निघाला, म्हणजे न्यू जर्सीतच. 1921 साली फिलाडेल्फियात सगळ्या लॉजची पहिली राष्ट्रीय सभा भरली आणि गुडमन तिचे प्रमुख झाले. 1922 साली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकानं हा उपक्रम ‘प्रयोग’ म्हणून मान्य केला. प्रयोगाचा शिक्का जायला 1934 साल उजाडलं, आणि पूर्णपणे संघटनेच्या अंगात सामावून घेतलं ते 1948 मध्ये. इतका वेळ का लागला? वरिष्ठ मंडळींना भीती होती की स्काउटिंगच्या आत एक वेगळी, अंधाऱ्या समारंभांची टोळी तयार होईल. त्यांची भीती अगदीच अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. त्यामुळेच तर पुढे नियम घट्ट झाले, आणि त्याचा फायदा तुमच्या-माझ्या मुलांना मिळतो.

गुडमन स्वतः पुढे शिकागो कौन्सिलमध्ये आणि 1931 पासून वीस वर्षं राष्ट्रीय कार्यालयात कार्यक्रमांचे संचालक होते. ते 1980 साली वारले, एडसन 1986 साली. दोघांनाही आपल्या बेटावरच्या खटाटोपाचं काय झालं हे डोळ्यांनी बघायला मिळालं. बेटाचं नशीब मात्र तितकं बरं नव्हतं. 2004 ते 2006 अशी तीन वर्षं डेलावेअरला लागोपाठ मोठे पूर आले, इमारतींची दुर्दशा झाली आणि थोड्याच हंगामांनंतर तिथला कॅम्प बंद पडला.

इतिहासातला एक भाग आमच्यातले काही जुने लोक घाईनं उरकतात, तो इथे सविस्तर सांगतो. संघटनेची सगळी सजावट लेनापे या मूळ अमेरिकन लोकांकडून उचललेली आहे. नावं लेनापे भाषेतली, समारंभातली पात्रं लेनापे प्रमुखांच्या रूपातली. 1915 साली कॅम्पवर ‘इंडियन’ वातावरण निर्माण करण्याची फॅशनच होती. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी 1902 मध्ये ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही मुलांची संघटना काढून तो पायंडा पाडला होता. पण डेलावेअरचं ते खोरं लेनापेंचंच होतं आणि ते त्यांच्याकडून कसं गेलं, हेही मुलांना कळायला हवं. 1737 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी एक जुना दस्तऐवज दाखवून दावा केला की दीड दिवसात माणूस चालत जाईल तेवढी जमीन आमची. मग वाट आधी साफ करून ठेवली, दमदार माणसं निवडून अक्षरशः पळवली आणि लेनापेंनी कल्पनाही केली नव्हती एवढा मुलूख घशात घातला. ‘वॉकिंग पर्चेस’ म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. लेनापे हळूहळू पश्चिमेकडे ढकलले गेले. आज त्यांच्या दोन मान्यताप्राप्त जमातींची मुख्य ठिकाणं ओक्लाहोमात आहेत, आणि त्यांच्या नदीकाठी आपली मुलं पिसांचे टोप घालून नाचत होती.

आता हे बरंच बदललंय. कब स्काउट मोठे होऊन ट्रूपमध्ये येतात त्या समारंभातला मूळ अमेरिकन पोशाख राष्ट्रीय पातळीवरूनच काही वर्षांपूर्वी बंद झाला. आमच्या चॅप्टरमध्ये आता मुलं स्काउटच्या गणवेशातच उभी राहतात. काही जुन्या सभासदांना त्याचं वाईट वाटतं, शिवणकामात आणि मणीकामात त्यांची वर्षं गेलेली असतात, ते मी समजू शकतो. तरी मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. कुणी आपल्या वारकऱ्यांचा वेष करून अमेरिकन कॅम्पवर फुगड्या घातल्या असत्या तर आपल्याला कसं वाटलं असतं, एवढा विचार पुरे.

रचना थोडक्यात सांगतो, कारण पत्र येतं त्यात हे शब्द येतील. तुमचं कौन्सिल म्हणजे तुमच्या भागातला स्काउटिंगचा स्थानिक कारभार. एका कौन्सिलचा एक लॉज. कौन्सिलच्या आत छोटे विभाग, म्हणजे डिस्ट्रिक्ट असतात, आणि लॉजचा डिस्ट्रिक्टपुरता भाग म्हणजे चॅप्टर. तुमच्या मुलाचा रोजचा संबंध चॅप्टरशीच येईल. मतदानाचा हक्क आणि पदं फक्त एकवीस वर्षांखालच्यांना. माझ्यासारखे मोठे लोक ॲडव्हायझर. सल्ला द्यायचा, गाडी चालवायची, पावत्या सांभाळायच्या, सभेत हात वर करायचा नाही. 2019 पासून मुलींनाही प्रवेश आहे आणि आमच्याकडच्या काही चांगल्या पदाधिकारी मुली आहेत. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाचं नावही 2025 च्या फेब्रुवारीपासून ‘स्काउटिंग अमेरिका’ झालंय, पण लोकांच्या तोंडात अजून जुनंच आहे.

निवडणूक कशी होते तेही जाणून घ्या, म्हणजे मुलानं काय मिळवलंय ते कळेल. आधी पात्रता: फर्स्ट क्लास हुद्दा हवा, आणि मागच्या दोन वर्षांत ट्रूपबरोबर पंधरा रात्री कॅम्पिंग हवं. त्यातल्या सलग पाच रात्री एखाद्या मोठ्या उन्हाळी कॅम्पच्या, आणि बाकीच्या दहा छोट्या मुक्कामांच्या. दोन उन्हाळी कॅम्प करून पंधरा रात्री भरता येत नाहीत, कारण मोठा कॅम्प एकच धरतात. हा नियम मला फार आवडतो. आठवडाभर मजा करून येणं सोपं असतं. जानेवारीत शून्याखाली तापमान असताना शनिवारी रात्री तंबूत झोपायला पुन्हा पुन्हा जाणारं पोर वेगळं असतं. मग स्काउटमास्तर यादी मंजूर करतात, आमची पोरं ट्रूपच्या मीटिंगला जातात, निम्मे तरी स्काउट हजर आहेत ना ते बघतात आणि मतदान घेतात. एक स्काउट कितीही जणांना मत देऊ शकतो. निम्म्या किंवा जास्त मतपत्रिकांवर नाव आलं की निवड झाली. प्रचार करायचा नसतो.

ही लोकप्रियतेची स्पर्धा होत नाही का? कधी कधी होते. अबोल मुलगा मागे राहतो, क्रिकेट-सॉकर खेळणारा पुढे जातो. पण कॅम्पवर ढोंग फार दिवस चालत नाही. थंडीत सकाळी सहाला चूल पेटवायला कोण उठतं हे मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं माहीत असतं. जो राहिला तो पुढच्या वर्षी येतो. माझी तक्रार असलीच तर ती आपल्या पालकांबद्दल आहे. माझ्या मुलाला का नाही निवडलं, असा फोन स्काउटमास्तरांना करणारे पालक आम्ही बघितलेत. कृपया असं करू नका, आणि ओळखीत कुणी करत असेल तर त्यालाही थांबवा.

आता त्या वीकेंडकडे येऊ. त्याला ‘ऑर्डील’ म्हणतात. कानावर आलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यातली भीती खोटी आहे. शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पवर जायचं. रात्री प्रत्येकानं आपापली पथारी घेऊन इतरांपासून जरा दूर, एकट्यानं झोपायचं. शनिवारी दिवसभर मौन, थोडं जेवण आणि कष्टाचं काम. संध्याकाळी समारंभ, मग भरपूर जेवण. रविवारी सकाळी घरी.

एकट्यानं म्हणजे जंगलात सोडून देणं नव्हे. मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असतात, सगळ्या जागा आधी पाहून ठेवलेल्या असतात. हवामान बिघडलं तर बेत बदलतात. थोडं जेवण म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे, आणि पाण्याला तर कधीच मर्यादा नसते. मुलाला मधुमेह असेल, औषधं असतील, ॲलर्जी असेल, तो शाकाहारी असेल किंवा अंडं चालत नसेल, तर फॉर्मवर लिहा आणि ॲडव्हायझरला वेगळा ईमेलही करा. आपल्याकडची मुलं लाजतात, पानात सॉसेज आलं तर गप्प राहून तेवढंच बाजूला काढतात आणि मग खरंच उपाशी राहतात. मौनाचा नियमही मुलानं स्वतः पाळायचा आहे. जखम झाली, चक्कर आली, घाबरायला झालं तर बोलायचंच, त्यासाठी कुणी त्याला नापास करत नाही. रॅगिंगसारखं काही दिसलं तर तो थेट नियमभंग आहे. कुठल्याही प्रसंगी किमान दोन प्रशिक्षित मोठी माणसं हजर असावीच लागतात, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर कधीच राहू शकत नाही. हे कागदावरचं वाटेल, पण बॉय स्काउट्सनी अत्याचाराच्या हजारो दाव्यांमुळे 2020 साली दिवाळखोरी जाहीर केली, हा इतिहास ताजा आहे. तेव्हा या नियमांबद्दल प्रश्न विचारायला संकोचू नका. ज्या ॲडव्हायझरला राग येईल त्याच्यापासून सावध राहा.

गुप्ततेचंही तेच. समारंभाचे तपशील मुलांना आधी सांगत नाहीत, कारण गंमत जाते. पण स्काउटिंगमध्ये गुप्त संघटनेला परवानगीच नाही. पालकांना किंवा तुमच्या धर्मगुरूंना समारंभात काय बोलतात हे वाचायचं असेल तर लॉजनं दाखवलं पाहिजे. आमच्याकडे एका आजीनं संहिता पूर्ण वाचून घेतली होती आणि यात देवाधर्माविरुद्ध काही नाही म्हणून नातवाला पाठवलं. मुलाला मात्र सांगू नका, एवढीच विनंती.

ऑर्डीलमधली मला सगळ्यात मोलाची वाटते ती व्यक्ती म्हणजे ‘इलंगोमॅट’. आठ-दहा नवीन मुलांच्या गटाबरोबर एक जुना सभासद असतो, बहुतेक वेळा पंधरा-सोळा वर्षांचा. तो देखरेख करायला नसतो. तो त्यांच्याबरोबर तितकाच गप्प राहतो, तेवढंच खातो, त्यांच्याइतकंच काम करतो. त्याची स्वतःची ऑर्डील कधीच झालेली असते, त्याला यातून नवीन काही मिळायचं नसतं. तरी तो पुन्हा येतो. कुणी फावडं कसं धरायचं हे विसरलं तर बोलून सांगता येत नाही म्हणून हातात घेऊन दाखवतो. दुपारी दोनच्या सुमाराला, जेव्हा ऊन चढलेलं असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात, तेव्हा गट कंटाळतो. चांगला इलंगोमॅट त्या वेळी स्वतः सगळ्यात जड ओंडका उचलतो, बास. चॅप्टरच्या प्रमुखपदासाठी कोण लायक आहे हे मी तरी इलंगोमॅट बघून ओळखतो. भाषणं छान करणारे पुष्कळ असतात.

काम काय असतं? मे महिन्यात उन्हाळी कॅम्पचे तंबू उभे करायचे, लाकडी फळ्यांचे चौथरे बदलायचे, पायवाटा मोकळ्या करायच्या, पडलेली झाडं कापून सरपण रचायचं, शौचालयाच्या भिंती रंगवायच्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच उलट्या क्रमानं. महाराष्ट्रात सेवादलाची किंवा एनएसएसची शिबिरं केलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल, सरळ श्रमदान आहे. अनेक कौन्सिलांचे कॅम्प लॉजच्या या हातांवरच चालतात, मजुरी द्यायची म्हटली तर परवडणार नाही.

मोठ्या प्रमाणावरही अशी कामं झाली आहेत. 2008 च्या उन्हाळ्यात ‘ॲरोकोर’ नावाच्या मोहिमेत हजारो सभासद पाच राष्ट्रीय जंगलांत कामाला गेले. मिझुरीतल्या मार्क ट्वेन जंगलात माजलेली सीडरची झाडं काढली, यूटातल्या मँटाय-ला सालमध्ये पाणी शोषणारी टॅमरिस्कची परकी झुडपं उपटली, कॅलिफोर्नियात शास्ता-ट्रिनिटीमध्ये वाटा बांधल्या. आमच्या भागातून गेलेली मुलं आता नोकरीला लागलीत, तरी भेटली की त्याच विषयावर येतात.

स्थानिक चॅप्टरचं वर्ष मात्र इतकं नाट्यमय नसतं. महिन्यातून एकदा मीटिंग, बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्टच्या स्काउटमास्तरांची बैठक असते त्याच दिवशी, त्याच चर्चच्या तळघरात, म्हणजे पालकांना एकच फेरी पडते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निवडणुका. हाच खरा धंद्याचा काळ. डिस्ट्रिक्टमधल्या प्रत्येक ट्रूपला फोन करायचा, तारीख घ्यायची, गणवेशातली दोन-तीन पोरं आणि एक गाडी जमवायची. अर्धे स्काउटमास्तर फोन उचलत नाहीत. चॅप्टर चीफ म्हणून निवडून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात कळतं की नेतृत्व म्हणजे बहुतांशी परत परत विनम्रपणे विचारणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कब स्काउटांचे निरोप समारंभ. वसंतात आणि शरदात ऑर्डीलचे वीकेंड. कुठे कॅम्पला जाता येईल याची माहिती ट्रूपना देणं हेही चॅप्टरचंच जुनं काम, ऑर्डरचा जन्मच मुळात कॅम्पिंग वाढावं म्हणून झाला. हिवाळ्यात लॉजचं स्नेहभोजन, तिथे नवीन पदाधिकारी शपथ घेतात. वर्षातून एकदा आजूबाजूच्या लॉजचं संमेलन, त्याला ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणतात. आणि साधारण दर दोन वर्षांनी एखाद्या विद्यापीठात राष्ट्रीय संमेलन. 2015 ला शताब्दीचं मिशिगन स्टेट विद्यापीठात झालं तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास लोक होते. 2022 चं नॉक्सव्हिलला, 2024 चं बोल्डरला झालं.

पॅचबद्दल सांगितलं नाही तर मुलगा रागावेल. प्रत्येक लॉजचा स्वतःचा कापडी पॅच असतो, शर्टाच्या उजव्या खिशाच्या झाकणावर लावतात, म्हणून त्याला ‘फ्लॅप’ म्हणतात. संमेलनात मुलं चादरी अंथरून त्यांची अदलाबदल करतात. काही जुन्या फ्लॅपना संग्राहक भरपूर पैसे मोजतात. नवीन मुलानं पहिल्याच संमेलनात आपले सगळे फ्लॅप एका चकचकीत पॅचसाठी देऊन टाकणं हा ठरलेला प्रकार आहे, त्यावर काही बोलू नका.

पांढरा पट्टा आणि त्यावर लाल बाण, हे ऑर्डीलनंतर मिळतं. सहा महिन्यांनी ‘ब्रदरहुड’ होता येतं, तेव्हा बाणाच्या दोन्ही टोकांना लाल पट्ट्या येतात. त्यासाठी पुन्हा कष्टाचा दिवस नाही. चिन्हांचा अर्थ समजून घ्यायचा, आपण काय केलं आणि पुढे काय करणार ते लिहायचं. तिसरा टप्पा ‘व्हिजिल’, तो मागून मिळत नाही. ब्रदरहुडला किमान दोन वर्षं झालेल्यांमधून लॉजची मुलांचीच समिती नावं सुचवते, आणि पन्नास सभासदांमागे वर्षाला एक एवढीच मर्यादा. अर्थात बहुसंख्य मुलं ऑर्डीलनंतर पुन्हा दिसतच नाहीत, हे आमच्या संघटनेचं जुनं दुखणं आहे. पट्टा कपाटात जातो. कारण बहुतेकदा साधं असतं: पुढच्या मीटिंगला न्यायला कुणी नसतं, किंवा त्याच संध्याकाळी मॅथचा क्लास असतो.

महाराष्ट्रात स्काउट-गाइड केलेल्या आई-बाबांसाठी एक खुलासा. भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. ती चढण म्हणजे इथले हुद्दे, टेंडरफूटपासून ईगलपर्यंत. ऑर्डर ऑफ द ॲरो त्या शिडीवरची पायरी नाही, ती बाजूला आहे. सभासद न होताही ईगल होता येतं. शाळेतल्या ‘खरी कमाई’त स्टॉल लावून पैसे मिळवलेल्यांना वाटेल की इथेही निधी गोळा करायचा असेल. तसं काही नाही. ऑर्डीलची फी असते, त्यात जेवण, पट्टा आणि पुस्तिका येते, आणि नंतर वर्षाची थोडी वर्गणी. परवडत नसेल तर सांगा, बहुतेक लॉज सोय करतात.

सामानात चांगल्या दर्जाची स्लीपिंग बॅग, जमिनीवर घालायला ताडपत्री, रेनकोट, कामाचे हातमोजे, जुने कपडे, दोन जोड मोजे जास्त आणि पाण्याची मोठी बाटली द्या. बूट नवे देऊ नका. आरोग्याचा फॉर्म लागतो, तो आठवडाभर आधी तयार ठेवा, कारण शुक्रवारी संध्याकाळी गेटवर फॉर्म नाही म्हणून परत जाणारी गाडी दरवेळी एक तरी असते. फोन घरी ठेवला तर उत्तम. शनिवारी ‘जेवलास का’ विचारायला कॅम्पच्या ऑफिसात फोन करू नका, काही झालं तर आम्हीच करतो. रविवारी न्यायला जाताना घरून काहीतरी खायला न्या, आणि ब्रदरहुडची तारीख कॅलेंडरमध्ये त्याला स्वतःला टाकू द्या.